साफ फोटोत न दिसलेला काटा

आमच्या हॉस्पिटलच्या मीटिंग हॉलमध्ये त्या दिवशी भिंतीवर दोन चित्रं शेजारी शेजारी पाडली होती आणि विश्वस्त मंडळी हात वर करून मत देत होती. दोन्ही चित्रं एकाच माणसाच्या मनगटाची, एकाच वेळी काढलेली सोनोग्राफी. डावीकडचं रवाळ, करड्या-पांढऱ्या कणांनी भरलेलं. उजवीकडचं गुळगुळीत, दुधावरच्या सायीसारखं. कोणतं चांगलं, असा प्रश्न होता. सगळे हात उजवीकडच्यासाठी वर गेले. त्यात दोन चिकूचे बागायतदार होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते, अध्यक्ष औषधांचे घाऊक व्यापारी. सोनोग्राफीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळावं अशी अपेक्षाही नव्हती. ज्या एका बाईला कळत होतं ती मागच्या खुर्चीत बसून चहा पीत होती. ती बाई म्हणजे मी. त्या चहाचा मला अजून राग येतो.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. जन्म मसोलीचा, नोकरी डहाणूतच. माझ्या तोंडाला लागू नये असं माझ्याबद्दल बोललं जातं आणि ते खोटं नाही. माझा आवाज चढला की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहतात. पण ज्या दिवशी आवाज चढायला हवा होता, त्या दिवशी मी बिस्किट चहात बुडवत होते.

त्या रवाळपणाला आमच्या धंद्यात स्पेकल म्हणतात. आम्ही शरीरात आवाज सोडतो, कानाला ऐकू न येणारा. तो मांसातल्या बारीक बारीक गोष्टींवर आपटून परत येतो. परतताना काही लाटा एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, काही एकमेकींना मारून टाकतात, आणि पडद्यावर कण उमटतात. बोट, मनगट, गळा अशा कातडीलगतच्या भागांसाठी उंच फ्रिक्वेन्सीचा छोटा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा दांडा, असतो, त्यात हे कण आणखी बारीक येतात. हे कण म्हणजे शरीरातली खरी वस्तू नव्हे, हे मान्य. त्यांच्यामुळे कडा पुसट होतात, हेही मान्य. म्हणून ते कमी करायला हवेत याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही. किती कमी करायचे आणि कोणाच्या सांगण्यावरून, तिथे माझं डोकं फिरतं.

कारण मशीन ते कमी करतं म्हणजे काय करतं? प्रत्येक ठिपक्याची त्याच्या शेजाऱ्यांबरोबर सरासरी काढतं. शिवाय तोच भाग तीनचार कोनांतून पाहून ती चित्रं एकमेकांवर चढवतं. थोडं केलं तर चित्र खरोखर सुधारतं. अति केलं तर एखादी बारीक रेघ शेजाऱ्यांत मिसळून जाते. कठीण वस्तूच्या मागे जी काळी सावली पडते, जिच्यावरून आम्ही ती वस्तू ओळखतो, ती सावलीही जाते. प्रत्येक कोनातून ती वेगळ्या जागी पडते आणि सरासरीत कुठेच उरत नाही. हे मला शिकताना शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

मग हे मतदान कशासाठी? तर दर गुरुवारी वापीहून एक सर्जन आमच्याकडे ऑपरेशनं करायला येतो. कोणाला कापायचं हे तो आधी फोनवर फोटो बघून ठरवतो. माझ्या एका फोटोवर त्याने उलट टपाली लिहिलं, ‘मॅडम, खसखस का पाठवली?’ हे अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते फारच लागलं. आमच्याकडे ही जुनी जखम आहे. डहाणू-तलासरीचा माणूस जरा बरा पैसा हातात आला की हद्द ओलांडून गुजरातेत जातो. तिथले लोक आमचा रिपोर्ट बाजूला सारून पहिल्यापासून सगळं करायला लावतात. ‘तिकडचे फोटो कसे आरशासारखे असतात,’ अध्यक्ष मीटिंगमध्ये म्हणाले, ‘आपलेच असे कसे?’ इज्जतीचा प्रश्न झाला. मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने भिंतीवर चित्रं पाडली, हात वर झाले. त्याने कण पुसणारा फिल्टर सगळ्यात वरच्या पायरीवर, पाचवर नेला आणि पासवर्ड टाकून कुलूपबंद केला. ‘मॅडम लोक मध्येच बदलतात, मग कंप्लेंट येते,’ असं माझ्यासमोर अध्यक्षांना सांगितलं. रिपोर्टखाली सही करणारी मात्र मीच.

आणि खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे मला ते आवडलं. डोळे कमी दुखायचे. दिवसाला तीस पेशंट भराभर व्हायचे. सर्जन अंगठा वर केलेलं चित्र पाठवायचा. मीही खूश.

एक बाई बोट दाखवायला आली तेव्हा हे असं चाललं होतं.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या कडेला एक पाडा आहे, तिथून ती इको गाडीत बसून एकटी आली होती. वय पन्नाशीच्या आसपास. घरची थोडी भाताची आणि नागलीची शेती, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा शिंदीच्या पानांचे झाडू बांधायचे. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मुळाशी सुजून चिकूएवढं झालं होतं, आणि वाकत नव्हतं. आमच्याशी ती बाजारातली, कचेरीतली मराठी बोलत होती, शब्द जपून ठेवत.

‘काटा हाय आत,’ ती म्हणाली.

शिंदीच्या पानाच्या बुडाशी सुयांसारखे काटे असतात. पान ओढताना एक बोटात घुसला, तिने तो ओढून काढला. त्यांच्या घरात काढलेला काटा लगेच टाकत नाहीत. आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतात. नखाला टोचला तर काटा अख्खा निघाला. टोचला नाही तर टोक आत राहिलं. ‘मी टेकवून बघितला,’ ती म्हणाली. ‘टोचला नाय.’

मी ऐकत होते असं नाही म्हणता येणार. एका कानाने ऐकत होते, दुसऱ्या कानाने बाहेर कोण गोंधळ घालतंय ते. प्रोबवर जेल घातलं, बोटावर ठेवला. पडद्यावर सुंदर चित्र आलं. बोट वाकवणारी दोरी, म्हणजे स्नायूबंध, जाड झालेला, त्याच्याभोवती पाणी, बाकी सगळं साफ. मी आडवा फिरवला, उभा फिरवला. काही नाही.

‘काटाबिटा काही नाही,’ मी म्हणाले. ‘सूज आहे. औषध घे.’

‘आत हाय, बाई.’

‘अगं, मशीनमध्ये दिसतंय मला! तुला जास्त कळतं का?’

माझ्याहून वयाने मोठ्या बाईला मी ‘अगं-तुगं’ केलं. आमच्याकडे पाड्यावरून आलेल्या पेशंटशी सगळेच असं बोलतात. डॉक्टर बोलतात, शिपाई बोलतो, केसपेपर काढणारा परवाचा पोरगाही बोलतो. दुकानदाराच्या बायकोला मी असं बोलले असते का? नसते. ती उठली, फडक्याने जेल पुसलं, आणि गेली. रिपोर्टात मी लिहिलं, परकी वस्तू आढळली नाही. खाली सही केली.

त्या एका ओळीने पुढे काय काय केलं ते बघा. काटा नाही म्हटल्यावर सूज कशाची? तर बहुधा टीबी असेल. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तिची भूक गेली, उलट्या सुरू झाल्या, बोट होतं तसंच. मधेच फुटायचं, वाहायचं, पुन्हा भरायचं. लावणी तिने डाव्या हाताने केली. झाडू बांधणं थांबलं, कारण पान चिरताना आणि दोरी आवळताना तेच बोट लागतं. चार महिन्यांनी गुरुवारच्या सर्जनने बोट पाहिलं, माझा रिपोर्ट वाचला, माझे साफ फोटो पाहिले आणि सांगितलं की आता हे बोट मुळापासून काढलेलं बरं, नाहीतर पू तळहातात उतरेल. पुढचा गुरुवार ठरला. जाता जाता त्याने तिला पुन्हा माझ्याकडे धाडलं. ऑपरेशनआधी एक ताजा फोटो हवा होता. साफ.

ती बुधवारी आली. मी तिला लगेच ओळखलं नाही, इतकी वाळली होती. बोट ओळखलं.

टेबलावर बसल्याबसल्या तिने कनवटीची चिंधी सोडली आणि माझ्यासमोर धरली. आत एक काटा होता. सुकून काळा पडलेला. अर्धा काटा टाकायचा नाही, आतला अर्धा बाहेर येईपर्यंत घराच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवायचा, अशी त्यांची रीत. तो तिने कुडातून काढून आणला होता.

‘उद्या बोट काढणार,’ ती म्हणाली. ‘काढायच्या आधी एकदा हा बघा.’

मी तो काटा घेऊन माझ्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. बोथट. मोडल्याची सपाट कड हाताला लागत होती. हे बघायला चार महिने कशाला लागले? पहिल्याच दिवशी मी ‘कुठाय तो काटा, आण बघू’ एवढं म्हटलं असतं तर? मला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली.

प्रोब ठेवला. पुन्हा तेच सायीसारखं चित्र. सूज वाढलेली, काटा कुठेच नाही. मग मला जे सुचलं ते कुठल्या पुस्तकात नाही. नर्सच्या डब्याशेजारी एक पिकलेला चिकू होता. तो उचलला, बाईचा अर्धा काटा त्यात आडवा खुपसला, पूर्ण आत जाईपर्यंत. वर जेल थापलं आणि चिकूची सोनोग्राफी केली. नर्स माझ्याकडे बघतच राहिली. पडद्यावर चिकूचा गर दिसला, गुळगुळीत, मऊ. जिथे काटा मी माझ्या हाताने घातला होता, तिथे एक फिकट डाग. सावली नाही. रेघ नाही. मला ठाऊक नसतं तर त्या डागाकडे मी वळूनही पाहिलं नसतं. मी रिपोर्ट दिला असता, परकी वस्तू आढळली नाही, आणि खाली सही.

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

‘पासवर्ड द्या.’

‘मॅडम, ते डिफॉल्ट सेटिंग कमिटीने अप्रूव्ह केलंय. फिल्टर बंद केला तर इमेज ग्रेनी येणार. मग तुमच्याकडूनच कंप्लेंट येते.’

‘उद्या इथे एका बाईचं बोट कापतायत! तुमच्या ग्रेनीला आग लावा! पासवर्ड द्या!’

बाहेरचे पेशंट उभे राहिले असणार. त्याने पासवर्ड दिला. सहा वेळा एक. एवढंच कुलूप होतं ते. चार महिन्यांत मला कधीही मागता आलं असतं. मी मागितलं नाही, कारण मला त्याशिवाय बरं चाललं होतं. इंजिनिअरवर ओरडताना मला हे माहीत होतं, म्हणून तर आणखी ओरडले.

फिल्टर खाली आणला. कोनांची सरासरी बंद केली. चिकूचा सगळा रवा पडद्यावर परत आला, आणि त्या रव्यात एक लख्ख पांढरी रेघ, तिच्याखाली काळी सावली. मग चिकू बाजूला ठेवला आणि बाईचं बोट घेतलं. तिचा हात टेबलाला टेकवून धरला. रवाळ, खसखशीचं, अध्यक्षांना न आवडणारं चित्र. त्यात स्नायूबंधाला चिकटून एक तिरपी बारीक रेघ, भाताच्या दाण्याहून छोटी, भोवती काळं कडं, आणि खाली सावली.

‘हाय ना?’ तिने विचारलं. पडदा तिच्याकडे वळलेला नव्हता. माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं.

जुने फोटो मी उघडून पाहिले. त्यात काही उरलं नव्हतं. मशीनने रवा काढून टाकूनच ते साठवले होते, आणि काढून टाकलेलं परत आणायची सोय नाही. म्हणजे माझी चूक तपासायला लागणारा पुरावाही साफ.

सर्जनला नवा फोटो पाठवला, खाली लिहिलं, बोट कापू नका, काटा आहे. त्याचा फोन आला. ‘आ शुं मोकल्युं, मॅडम, हे काय पाठवलं? यात सगळं खसखस दिसते. क्लीन मोकलो ने.’ त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी एवढं म्हणाले की उद्या मी स्वतः प्रोब घेऊन थिएटरात उभी राहणार, मी दाखवीन तिथेच कापायचं, आणि काटा निघाला नाही तर तुमच्या देखत राजीनामा देईन.

गुरुवारी मी उभी राहिले. हात बधिर केला होता, बाई जागी होती, छताकडे बघत. मी कातडीवर पेनाने खूण केली, त्याने चीर दिली, मी पुन्हा प्रोब ठेवून चिमट्याला वाट दाखवली. काटा निघायला दहा मिनिटं लागली असतील. टोकासकट, काळा, टोकदार. बाईने बधिर नसलेला डावा हात पुढे केला. मी काटा तिच्या अंगठ्याच्या नखावर टेकवला. तिचा अंगठा मागे सरला.

‘बोट वाचलं!’ सर्जन हातमोजे काढत म्हणाला, आणि खाली चहाला गेला. वाचलं, हे खरं. पण चार महिने सडलेला स्नायूबंध आतल्या आत चिकटून गेला होता. व्यायाम दिले, मालिश दिलं, गरम पाण्यात बुडवायला सांगितलं. बोट सरळ ते सरळच. पहिल्या दिवशी काढला असता तर ते आज मुठीत मिटलं असतं. हे सर्जनलाही माहीत आहे. तो ते बोलत नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी मागे बसले नाही. दोन चित्रं मी भिंतीवर पाडली, बाईच्या बोटाची, आणि विचारलं, कोणतं चांगलं? कोणी हात वर केला नाही. मी सगळं सांगितलं. इथून पुढे फिल्टर किती हे रेडिऑलॉजिस्ट ठरवेल, कुलूप निघेल, आणि बारीक भागांचे रवाळ फोटोही साठवले जातील, असं लिहून घ्या म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण पेशंटला द्यायचा प्रिंट तरी साफ द्या. लोक बघतात.’ माझ्या हातातला रिमोट मी टेबलावर इतक्या जोरात आपटला की त्याची बॅटरी उडून मुख्याध्यापकांच्या मांडीवर पडली. ठराव मंजूर झाला. साफ प्रिंटची सूचनाही मंजूर झाली. ती मी पाळत नाही, आणि अजून कोणी विचारायला आलेलं नाही.

टाके काढून महिना झाल्यावर ती बाई बोट दाखवायला आली. सर्जनचा वार नव्हता, म्हणून केसपेपरवाल्याने तिला माझ्याकडे पाठवलं. मी तिला खुर्चीवर बसवलं. ‘तुम्ही बसा’ म्हणाले, आणि ते ‘तुम्ही’ माझ्याच तोंडात अवघडलं. झाडू बांधता येतात का, विचारलं. ती म्हणाली, दोरी आवळली जात नाही, सैल राहते, झाडू दोन दिवसांत सुटतो, बाजारात बाया परत आणून टाकतात. आता झाडू सून बांधते, ही नुसती पानं चिरून देते. चिरतानाही बोट आडवं येतं. हे सगळं तिने रडून नाही सांगितलं, हिशेबही मागितला नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

मला ते सहन होईना. मी म्हणाले, माझी चूक झाली. आणि मग, तेवढ्यावर थांबवेना म्हणून, कशी झाली तेही सांगू लागले. मशीन चालू केलं. पडदा तिच्याकडे वळवला. हा रवा बघा, म्हटलं, तो घालवायला मशीनमध्ये एक सोय असते, ती आमच्या लोकांनी फार वर नेऊन ठेवली होती, त्यामुळे काट्याची रेघ आजूबाजूच्या मांसात मिसळून गेली, त्याची सावलीही पुसली, मला समोर असून दिसला नाही. फिल्टर चढवून दाखवला, उतरवून दाखवला. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. पडद्याकडे नीट बघत होती, विद्यार्थ्यांनी बघावं इतकं नीट.

माझं बोलून संपलं. ती उठली, पदर सारखा केला, उजव्या हाताने पिशवी डाव्या खांद्याला अडकवली. ते सरळ बोट पिशवीच्या बंदाबाहेर राहिलं.

‘मशीनला मी काय सांगितलं नव्हतं, बाई,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला सांगितलं होतं.’